बाहेर जायच्या दारातून आत

आमच्या ह्यांनी उभा जन्म सहलीची बस चालवली आणि त्या बसच्या जिवावर मी एक अख्खं पडकं शहर घरबसल्या पाठ केलं. खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मी कपडे अल्टर करून देते, बाहेरच्या खोलीत मशीन आहे. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, माझ्या तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधून मी सांगतेय की तिथल्या विहिरीत उतरायला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत, आणि खाली गेलं की भर उन्हातसुद्धा गार वाटतं. गिऱ्हाईक विचारायचं, "तुम्ही कधी गेला होतात?" मी म्हणायची, "मी कशाला जाऊ? आमचे हे जातात की."

हे संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे आणि मशीनशेजारच्या खुर्चीत बसायचे. मी शिवण न थांबवता विचारायची, "हं, आज काय काय पाहिलं?" की झालं सुरू. आधी विहीर. मग खांबांची पेठ, तिथल्या एका खांबावर दोन लिप्यांत एकच मजकूर कोरलेला, कारण दोन मुलखांचे व्यापारी तिथे समोरासमोर दुकानं मांडून बसायचे. मग न्हाणीघर. त्याच्या फरशीखालून गरम हवा खेळायची आणि भिंतीवर पिसारा फुलवलेला दगडी मोर. मग उघडं नाट्यगृह, ज्याच्या मधल्या दगडावर उभं राहून कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू जातं. सगळ्यात शेवटी मोठा दरवाजा, दोन बाजूंना दोन सिंह, त्यातल्या एकाला डोकं नाही. सिंह आले की मी समजायची, संपलं, आता ताटं घ्यायची.

माणूस तसा घुम्या. माझ्या माहेरी दोन दिवस राहिले तर चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन ब्रेकबद्दल. पण या शहराचं सांगायला लागले की तोंडाचा पट्टा सुरू. माझी नणंद म्हणायची, "वहिनी, माझा भाऊ आमच्या आईशी कधी इतकं बोलला नाही, तुझ्या मशीनशी बोलतो." मला आतून गुदगुल्या व्हायच्या. वरून मी म्हणायची, "मशीनला दुसरा इलाज नाही, ते कुठे उठून जाणार?"

मला एकच हौस होती. ते शहर ह्यांच्याशेजारी उभं राहून बघायचं. ह्यांनी बोट दाखवायचं आणि मी तिकडे बघायचं, बास. नुसतं बघायचं असतं तर नणंदेबरोबर केव्हाच जाऊन आले असते. पण दरवेळी काहीतरी निघायचं. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं दुखणं, लग्नसराईतली शिलाई. बघता बघता ह्यांच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. शेवटच्या फेरीला मी येणार, असं मी जेवताना जाहीर करून टाकलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "ऊन फार असतं तिथे."

"छत्री घेते."

"चालायला लागतं खूप. तुझा गुडघा."

"गुडघा माझा आहे, त्याचं मी बघेन."

"गाडी भरलीय."

मी सरळ कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, उस्तादांच्या मागची पहिली सीट तुमची. ह्यांना सगळे उस्तादच म्हणतात. हे सांगितल्यावर माणूस खूश होईल की नाही? ह्यांचं तोंड उतरलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला बोलवावं लागत नाही. म्हटलं, "जन्मभर तुमच्या तोंडून ऐकलं. एकदा तुमच्याबरोबर बघायचं म्हणतेय, तर एवढं जिवावर आलंय? लाज वाटते का माझी, लोकांत न्यायला?"

"तसं नाही गं," म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. 

बसमध्ये सतरा मुलखांची माणसं. एक निवृत्त मुख्याध्यापिका, माहितीचं पुस्तक मोठ्यांदा वाचणाऱ्या. एक नवीन जोडपं, ज्यांना पुस्तकाशी काही देणंघेणं नव्हतं. एक उंच परदेशी गृहस्थ आणि त्याची बायको, जिची भाषा कुणाला येत नव्हती आणि तरी ती सगळ्यांशी बोलत होती, आणि सगळे तिला उत्तरंही देत होते. हे आरशातून मागे बघत गाडी हाकत होते. माझ्याकडे बघायचं टाळत होते, ते मी लगेच ओळखलं.

सकाळी आधी जुनं गाव. ते पडकं नाही, नांदतं आहे. नदीच्या बाजूला तट, आत बोळ, आणि एका बोळात तीन धर्मांची तीन देवस्थानं, एकाची भिंत दुसऱ्याला टेकलेली. तिथे कंपनीचा स्वतःचा डेपो आहे, गाडी लावून किल्ली पहारेकऱ्याकडे दिली की ड्रायव्हर मोकळा. हे मला घेऊन निघाले आणि खरं सांगते, मी माझ्याच नवऱ्याकडे बघत राहिले. कुलूपवाला दुकानातून खाली उतरून भेटला. चष्मेवाल्याने माझा चष्मा काढून घेतला, न विचारता त्याचे स्क्रू आवळून दिले आणि म्हणाला, "वहिनी, उस्ताद येणार नाहीत आता, आमचं कसं होणार?" प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत, दोन दोन शब्दच, पण बरोब्बर. ह्यांनी मला बोट दाखवून दाखवून सगळं दाखवलं. कुठली खिडकी कधी उघडते, कुठल्या पायरीवर पाय घसरतो, कुठल्या घरातली म्हातारी सगळ्या बसकडे हात हलवते. माझी छाती अशी फुगली म्हणता. मनात म्हटलं, हे गाव एवढं, तर ते शहर केवढं असेल.

दुपारी पडक्या शहरापाशी पोचलो. मोकळं मैदान, चार झाडं, कडेला एक कॅन्टीन आणि कुंपणाला दोन दारं. ह्यांनी गाडी झाडाखाली लावली, लोक उतरले, गाईड मुलगी छत्री वर धरून पुढे निघाली. हे सीटखालून फडकं काढून काच पुसायला लागले.

"चला की," मी म्हटलं.

"तू हो पुढे. मी आलोच."

"आलोच म्हणजे? मी कुणाबरोबर बघू?"

"ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही. इथे पहारा नसतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या माझ्या उस्तादांनी पाणी प्यायला म्हणून पाच मिनिटं गाडी सोडली, तेवढ्यात पॅसेंजरची बॅग गेली आणि उस्तादांची नोकरी."

"मग इतकी वर्षं तुम्ही कसे जात होतात?"

"तेव्हा क्लीनर असायचा बरोबर. आता कंपनीने क्लीनर बंद केले." आणि काच पुसणं चालू. ती काच आरशासारखी लख्ख होती.

मी तरातरा निघाले. एवढ्या लांब येऊन हे असं. दारातून आत शिरले, आणि समोर कोण? सिंह. एकाला डोकं नाही. मी मनात म्हटलं, अगंबाई, हे तर शेवटी यायला हवेत. चुकीच्या दाराने आलो की काय? गाईडला विचारलं, तर ती म्हणाली, "नाही मावशी, आत यायचं दार हेच, कायमचं."

पुढे नाट्यगृह. नवीन जोडप्यातला मुलगा मधल्या दगडावर उभा राहिला आणि काहीतरी कुजबुजला, वरच्या पायरीवरची मुलगी लाल झाली. मग न्हाणीघर. मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकलं की या फरशीखालून गरम हवा खेळायची. गाईड चमकली, "मावशी, आधी येऊन गेलात का?" मी ऐटीत म्हटलं, "आमचे हे येतात ना. तो मोर कुठेय?"

"कुठला मोर?"

"दगडी. पिसारा फुलवलेला."

"इथे मोर नाही, मावशी. कधीच नव्हता."

भिंतीवर, पाण्याच्या कुंडाच्या वर, एक मोठा दगडी शिंपला होता. उभा, पन्हळी पाडलेला. परदेशी बाई त्याच्यापुढे उभी राहून दोन्ही हात डोक्यावर पसरून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. मी तिच्याकडे नुसतीच बघत राहिले. पुढे पेठ आली. पुढे विहीर. विहिरीच्या पलीकडे बाहेर जायचं दार.

बाहेर आलो. हे गाडीच्या दारात पाण्याच्या बाटल्या देत उभे होते. जो येईल तो आधी विहिरीचंच बोलत होता. केवढी खोल, काय गारवा, त्या पायऱ्या. मग पेठेचं. मग मागचं मागचं आठवेल तसं. मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या, परदेशी बाई हातांनी सांगत होती, आणि हे मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. सगळं. एकेक शब्द. असं ऐकताना मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस बाहेर आला की शेवटी बघितलेलं आधी बोलतो. ह्यांचं शहर विहिरीपासून सुरू होत होतं ते म्हणून.

हा माणूस त्या कुंपणाच्या आत कधी गेलेलाच नव्हता.

मंडळी जेवायला कॅन्टीनकडे गेली. मी गाडीपाशीच थांबले. आधी वाटलं, चांगलं फैलावर घ्यावं. जन्मभर थापा मारल्या, मी त्या गल्लीभर मिरवल्या, आणि आज गाईडपुढे तोंडघशी पडले. म्हटलं, "मोर नाहीये तिथे."

हे रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत राहिले.

"शिंपला आहे. आणि सिंह शेवटी नाहीत, पहिल्यांदा आहेत. क्लीनर असायचा म्हणे."

ह्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "लग्नानंतरची पहिली फेरी होती," म्हणाले. "घरी आलो. तुझं घरात अजून कुणाशी जमलं नव्हतं, दिवसभर मशीनवर एकटी बसलेली. तू मान वर केलीस आणि विचारलंस, काय काय पाहिलं? काय सांगू? मैदान पाहिलं? टायर पाहिले? पॅसेंजर जे बोलत होते ते सांगितलं. तू हसलीस. मग दुसऱ्या दिवशी परत विचारलंस."

"मग पुढे कधी खरं सांगायचं होतं."

"सांगणार होतो. पण तू गिऱ्हाइकांना सांगायला लागलीस." मग म्हणाले, "तुला आणायचं नव्हतं ते याच्यासाठी. म्हटलं, आत जाशील आणि बाहेर येऊन मला खोटारडा म्हणशील. आज, शेवटच्या दिवशी."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी त्याला शोधत होते खरं तर. पण डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. थकून भागून, घाटातून गाडी काढून, हा माणूस रोज चाळीस जणांच्या बडबडीतून माझ्यासाठी वेचून वेचून घरी आणत होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांच्या हातवाऱ्यांतून मोर काढत होता. खोटारडा कसलं म्हणायचं याला? इतका जीव लावलेला मला तरी कळला होता का?

"उठा," मी म्हटलं. "आत चला."

"गाडी?"

"मुख्याध्यापिकाबाई आहेत. अख्खी शाळा सांभाळली त्यांनी, एक बस सांभाळतील."

"नाही गं. उस्तादांचं सांगितलं ना तुला."

"उद्यापासून कुठली नोकरी घालवणार आहेत तुमची?" हे जरा लागेल असं बोलले, पण बोलले. "मला तुमच्याबरोबर बघायचं होतं. अजून बघितलेलं नाही. आत्ता गेले ती त्या छत्रीमागे गेले."

बाई जेवून येतच होत्या. त्यांना सगळं सांगायची गरज नव्हती, अर्ध्यात कळलं. त्या पहिल्या पायरीवर पुस्तक उघडून बसल्या. ह्यांनी किल्ली पुढे केली, मागे घेतली, परत पुढे केली. दार असं लावा, हॉर्न इथे आहे, कुणी आलं तर हॉर्न द्या, असं तीनदा समजावलं. बाई म्हणाल्या, "जा आता तुम्ही, नाहीतर ओणवं उभं करेन." माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा डेपोबाहेर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली.

मी ह्यांना बाहेर जायच्या दाराकडे घेऊन गेले. पहारेकरी आडवा आला. "इकडून नाही, काकू. आत जायचं दार तिकडे."

"माहीत आहे मला. ह्यांचं शहर इकडून सुरू होतं."

त्याने ह्यांच्या गणवेशाकडे बघितलं. "निळ्या गाडीवाले ना तुम्ही? रोज झाडाखाली असता." मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाला.

विहिरीपाशी हे इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, आता काही बोलत नाहीत. मग हळूच बोट वर केलं. "ह्या पायऱ्या. चारही बाजूंनी." आवाज जरा फाटला होता. पण एकदा सुरू झाल्यावर काय विचारता. पेठेत बरोबर त्या खांबापाशी गेले, दोन लिप्यांवर बोट ठेवलं. समोरून येणारी माणसं वाट देत होती, आम्ही दोघं उलटे चाललो होतो, आणि ह्यांच्या तोंडून जे ज्या क्रमाने निघत होतं ते त्याच क्रमाने पुढ्यात येत होतं. एक दगड चुकत नव्हता. मी मुकाट बोटामागून बघत होते. मघाशी जे पाहिलं ते मी पाहिलंच नव्हतं, असं मला वाटलं. न्हाणीघरात शिंपल्यापुढे हे थबकले. "तेव्हा एका परदेशी बाईने हात असे पसरले होते," म्हणाले, आणि स्वतःचे हात डोक्यावर पसरून दाखवले. आम्ही दोघं इतके हसलो की एका कुटुंबाने फोटो काढायचा थांबवला.

तिथून नाट्यगृहाकडे जाताना मध्ये एक बोळ लागतो. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या भिंती, लहान लहान खोल्या. पाटी नाही, दोरी नाही. मघाशी गाईडने आम्हाला इथून झपाझप नेलं होतं. हे बोलायचे थांबले.

"काय झालं?"

"इथलं मला माहीत नाही. इथलं कधी कुणी बोललंच नाही."

बोलणार कोण? लोक मोठमोठं बघायला येतात. मी एका खोलीत शिरले. कोपऱ्यात तीन दगड, आतून काळे. भिंतीत हाताशी येईल असा कोनाडा. दारापाशी उजेडाला एक सपाट दगड, बसून बसून मध्ये खोलगट झालेला. मला घर ओळखायला गाईड कशाला लागते? म्हटलं, "ही चूल. इथे ती मिठाचं भांडं ठेवायची, ओल लागू नये म्हणून चुलीजवळ. आणि इथे उजेडात बसून शिवायची."

"शिवायची?"

"मग? एवढ्या मोठ्या शहरातले लोक काय उघडे फिरायचे?"

हे भिंतीवर टेकले. मी सांगत होते, हे ऐकत होते, मान तशीच एका बाजूला. मग खाली बघून म्हणाले, "उद्यापासून मी तुला काय सांगू गं?"

"म्हणजे?"

"रोज तुझ्यासाठी काहीतरी आणायचो. आता नुसता घरात बसणार. संध्याकाळी तू विचारशील आणि माझ्याकडे काही नसेल. झोप लागत नाहीये मला, महिना झाला."

मी ह्यांच्या शेजारी त्या भिंतीवर बसले आणि म्हटलं, "मी विचारणारच नाही. तुम्ही विचारा. दिवसभर घरात असते मी, कुणी विचारलंय का मला कधी, तू काय काय पाहिलंस?"

  लांबून नाट्यगृहातले आवाज येत होते.

मग ह्यांनी हात उचलला आणि समोरच्या कोपऱ्यातल्या एका गोल खळग्याकडे बोट दाखवलं. "ते काय आहे गं?"

मी निरखून बघितलं. मला काहीएक कळलं नाही.

"थांबा," मी म्हटलं, "सांगते."